मेळघाटात दोन रात्री निवांत आणि कमी खर्चात: सेमाडोह-कोलकासचा प्लॅन नीट कसा करायचा

जंगलात जायचं म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात वाघ येतो, मग ताडोबा येतं, मग महागडं रिसॉर्ट, पहाटे चारचा अलार्म, सकाळ-संध्याकाळ सफारी, आणि घरी येईपर्यंत माणूस ऑफिसच्या आठवड्यापेक्षा जास्त दमलेला असतो. ज्यांना वाघच बघायचाय त्यांनी तसं जरूर करावं. पण ज्यांना दोन रात्री झाडांमध्ये राहायचंय, झोपायचंय, नदीचा आवाज ऐकत चहा प्यायचाय आणि त्यासाठी महिन्याचा पगार घालवायचा नाहीये, त्यांच्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे, मेळघाट. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांमध्ये. देशात सुरुवातीला जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले १९७३-७४ मध्ये, त्यातला हा एक, आणि तरी इथे ताडोब्यासारखी झुंबड नसते कारण डोंगर उभे आहेत, जंगल पसरलेलं आहे आणि वाघ सहजासहजी दिसत नाही. हाच आपला फायदा. वाघ दिसेल या आशेने येणारी गर्दी कमी म्हणून शांतता जास्त आणि खर्चही आवाक्यात.

आधी मनाशी एक ठरवा

एकच मुक्काम आणि एकच सफारी. बाकीचा सगळा प्लॅन यावरूनच निघतो. लोक काय करतात, एक रात्र चिखलदरा, एक रात्र सेमाडोह, येता येता नरनाळा किल्ला, जाता जाता मुक्तागिरीची जैन मंदिरं, आणि दोन दिवस गाडीतच जातात. घाटरस्ते आहेत सगळे, नकाशावर पंचवीस किलोमीटर दिसलं तरी वळणं घेत घेत तास जातो आणि ज्यांना गाडी लागते त्यांचा तर पुढचा अर्धा दिवसही जातो. म्हणून जिथे पहिल्या दिवशी बॅग टाकाल तिथूनच तिसऱ्या दिवशी उचला. पैसेही इथेच सगळ्यात जास्त वाचतात, कारण अशा ट्रिपमध्ये खोलीपेक्षा गाडीच महाग पडते.

सेमाडोह, कोलकास की चिखलदरा

तिन्ही ठिकाणांचा स्वभाव वेगळा आहे.

चिखलदरा हे थंड हवेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटरवर. एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, खाजगी हॉटेलं भरपूर, देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, गाविलगड किल्ला, कॉफीची झाडं (विदर्भात कॉफी पिकते हे ऐकून अजूनही लोकांना आश्चर्य वाटतं). सोबत आजी-आजोबा असतील, गरम पाणी, मेडिकल, दुकानं जवळ पाहिजे असतील तर चिखलदराच बरं. पण ते गाव आहे. शनिवार-रविवारी हॉर्न वाजतात, पावसाळ्यात तर पार्किंगला जागा मिळत नाही.

सेमाडोह हे परतवाडा-धारणी रस्त्यावरचं छोटं गाव, आणि तिथे सिपना नदीच्या काठी वनविभागाचं पर्यटन संकुल आहे. कॉटेज आहेत, डॉर्मिटरी आहे, जंगलाची माहिती देणारं केंद्र आहे, कॅन्टीन आहे. बजेटवाल्यांसाठी आणि मित्रांच्या ग्रुपसाठी हे सगळ्यात सोयीचं, कारण एसटीने येऊन उतरता येतं.

कोलकास त्याच रस्त्यावर धारणीच्या दिशेने साधारण पंधरा किलोमीटर पुढे. विश्रामगृह उंचावर आहे आणि खाली सिपना मोठं वळण घेऊन जाते. नुसतं बसायचं असेल तर माझ्या मते मेळघाटात याच्यासारखी जागा नाही. खोल्या मोजक्याच, त्यामुळे बुकिंग मिळणं कठीण, आणि आजूबाजूला काही विकत मिळत नाही.

स्वतःची गाडी असेल किंवा चार-सहा जण मिळून गाडी करणार असाल तर आधी कोलकास बघा, नाही मिळालं तर सेमाडोह. एसटीने जाणार असाल तर सरळ सेमाडोह. फारच लहान बाळ किंवा आजारी माणूस सोबत असेल तर चिखलदरा, आणि तिथून एका सकाळी सेमाडोहला चक्कर.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे आरामासाठीचे महिने. थंडी कडक असते, रात्री नदीकाठी तर फारच, पण दुपारचं ऊन अंगावर घेऊन पडून राहण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कुठल्या सीझनला नाही. ऑक्टोबरमध्ये जंगल हिरवंगच्च, साग पानांनी भरलेला, प्राणी दिसत नाहीत पण डोळे निवतात. मार्चपासून पानं गळतात, पळस फुलतो, मग मोहाची फुलं पडायला लागतात आणि अस्वलं त्यावर येतात, पाणवठ्यांवर प्राणी दिसायची शक्यता वाढते, पण एप्रिल-मेमध्ये विदर्भाचं ऊन ते विदर्भाचंच, सकाळी दहानंतर खोलीबाहेर पडवत नाही. पावसाळ्यात कोअर म्हणजे जंगलाच्या आतल्या, जास्त संरक्षित भागातल्या सफारी बंद असतात, साधारण सप्टेंबर संपेपर्यंत, तेव्हा धुकं आणि धबधबे बघायला चिखलदरा ठीक.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार या मधल्या दिवसांत जा, एक-दोन रजा टाकून. खोली मिळते, सफारीची जिप्सी (उघडी जीप) मिळते, शांतता मिळते. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाच. दुसरं म्हणजे होळी. इथल्या कोरकू आदिवासींचा हा सगळ्यात मोठा सण, बाहेरगावी कामाला गेलेली माणसं परत येतात, पाच दिवस तो चालतो आणि रस्त्यावर ठिकठिकाणी नाचत-गात फगवा म्हणजे होळीचे पैसे मागतात. बघण्यासारखं आहे, मनापासून सांगतो, पण मग त्या तयारीने जा, सुटे पैसे ठेवा आणि प्रवासाला जास्त वेळ धरा.

बुकिंग

क्रम असा ठेवा: आधी खोली, मग रेल्वे, मग सफारी. उलटं करू नका. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे त्याच्या थोडं आधी वनविभागाच्या राहण्याच्या ठिकाणांची तारीख बघून ठेवायची. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत वेबसाईटवरून ऑनलाइन बुकिंग होतं. गुगलवर शोधलं की एजंटांच्या सारख्या दिसणाऱ्या साईट वर येतात, त्यात खोलीचे जास्तीचे पैसे लागतात, म्हणून पैसे भरायच्या आधी साईट कोणाची आहे ते नीट वाचा. बुकिंग करताना सगळ्यांची नावं आधारवर आहेत तशी टाका आणि कन्फर्मेशनची प्रिंट काढा. प्रिंट का, तर गाव सोडलं की मोबाइलला नेटवर्क मिळेल याचा भरवसा नाही आणि गेटवर उभं राहून मेल उघडत बसणं नको.

बुकिंगनंतर एकदा फोन करून तीन प्रश्न विचारा: कॅन्टीन चालू आहे का, गरम पाणी कसं मिळतं, आणि लाईट जाते तेव्हा काय सोय. सरकारी जागा आहेत, साध्या आहेत, चादरी स्वच्छ असतील पण हॉटेलची रूम सर्व्हिस मिळणार नाही. हे मान्य असेल तरच जा, म्हणजे तिथे जाऊन चिडचिड होत नाही.

डॉर्मिटरीबद्दल लोक नाक मुरडतात. आठ-दहा जणांचा ग्रुप असेल तर डॉर्मिटरी सगळ्यात मस्त, माणशी खर्च एकदम खाली येतो, आणि तुम्ही तसंही दिवसभर बाहेरच असणार आहात.

पोचायचं कसं

मुंबईहून अमरावती एक्सप्रेस रात्री निघते, सकाळी अमरावतीला सोडते, यापेक्षा सोपं काही नाही. ती नाही मिळाली तर नागपूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या बडनेराला थांबतात, विदर्भ एक्सप्रेस आहे, आणि पुणे-कोल्हापूरकडच्यांना महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. बडनेरा ते अमरावती साधारण दहा किलोमीटर. मुंबईहून स्लीपरचं तिकीट माणशी पाचशेच्या आत बसतं. नागपूरकरांना एसटीने तीन-साडेतीन तासात अमरावती.

अमरावतीहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर, एसटी भरपूर. परतवाड्याहून घाटांगमार्गे सेमाडोह अजून तेवढंच, पण हा घाट, त्यामुळे वेळ दुप्पट धरा. धारणीकडे जाणारी गाडी पकडायची आणि कंडक्टरला सेमाडोह संकुलाजवळ उतरायचंय असं सांगून ठेवायचं. या मार्गावर गाड्या थोड्या असतात म्हणून परतवाडा डेपोला उतरल्या उतरल्या पुढच्या गाडीची वेळ विचारा आणि मगच नाश्त्याला जा.

आणि एसटीच्या सवलती विसरू नका! मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या वर तर तिकीटच नाही. म्हणजे आई, मावशी, दोन मुली आणि आजी अशी बायकांची ट्रिप असेल तर अमरावती ते सेमाडोहचा प्रवास इतका स्वस्तात होतो की खाजगी गाडीचा विचारच करू नये. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, फोटोकॉपीवर वाद होतात.

स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल परतवाड्याला फुल करा, हवा चेक करा आणि काहीही झालं तरी अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. रात्री रस्त्यावर सांबर, रानगवे, अस्वल काहीही येतं आणि वळणावर दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यांच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही.

परतवाड्याला काय काय उरकायचं

पुढे दुकान नाही असं समजून इथे सगळं घ्या. एटीएममधून कॅश काढा, शंभर-पन्नासच्या नोटा जास्त, कारण नेटवर्क नसेल तर यूपीआय चालत नाही. औषधं: ताप, उलटी, जुलाब, ओआरएस, डास पळवायची क्रीम. टॉर्च आणि सेल. संत्री घ्या सीझन असेल तर, अचलपूर-परतवाडा-चांदूर बाजार हा संत्र्याचाच पट्टा आहे आणि मुंबईत मिळतात त्याच्याशी त्यांची तुलना नाही. बिस्किटं, चिवडा, चहा पावडर, साखर. प्लास्टिकच्या पाकिटातलं शक्यतो घरूनच डब्यात काढून आणा, म्हणजे कचरा जंगलात राहायचा प्रश्नच नाही. जे राहील ते पिशवीत भरून परत अमरावतीला.

बॅगेत थंडीचे चांगले कपडे पाहिजेतच, स्वेटर-कानटोपी-मोजे. पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडी हाडापर्यंत जाते. रंग मातकट, हिरवे, राखाडी. परफ्यूम नको, ब्लूटूथ स्पीकर तर अजिबात नको, त्याबद्दल मी अगदी कठोर आहे, एक माणूस गाणी लावतो आणि पूर्ण संकुलाची सुट्टी खराब होते. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर ओळखीच्याकडून मागून न्या, कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

दिवस कसा घालवायचा

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचाल. काही करू नका. जेवा, झोपा. संध्याकाळी संकुलातल्या माहिती केंद्रात फिरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी काय बघतोय ते कळतं. मेळघाट म्हणजे मुख्यतः सागाचं पानझडी जंगल, आणि सिपना, खंडू, खापरा, गाडगा या सगळ्या नद्या शेवटी तापीला जाऊन मिळतात. हे डोंगर आणि ही झाडं पाणी धरून ठेवतात म्हणून खालच्या गावांना पाणी मिळतं, हे नकाशासमोर उभं राहिलं की पाच मिनिटात समजतं, लहान मुलांना तर नक्की दाखवा.

रात्री जेवण झालं की लवकर आडवे व्हा. टीव्ही नाही, नेट नाही, पहिली रात्र थोडं चुळबुळायला होतं, हात फोनकडे जातो, ते होऊ द्या. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, म्हणजे काळजीपोटी कोणी घाबरणार नाही आणि तुम्हालाही सिग्नल शोधत रस्त्यावर फिरावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी. एकच. जिप्सीचं भाडं, गाईडची फी, प्रवेश फी हे सगळं वेगवेगळं लागतं आणि पूर्ण ट्रिपमधला हा सगळ्यात मोठा एकगठ्ठा खर्च असतो, म्हणून जिप्सी भरून जा. तुम्ही दोघंच असाल तर आदल्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये बाकीच्यांशी बोला, दुसरं एखादं कुटुंब शेअर करायला तयार असतं, सहा जणांत वाटलं की भार जाणवत नाही. गाईड स्थानिक असतात, बरेचसे आदिवासी तरुण, आणि त्यांच्याशी तुम्ही कसं बोलता यावर तुमची सफारी ठरते. बसल्या बसल्या "वाघ दाखवा" म्हणू नका. "आम्हाला जंगल समजून घ्यायचंय, घाई नाही" असं म्हणा. मग तो गाडी थांबवतो, पगमार्क म्हणजे पंजाचे ठसे दाखवतो, अस्वलाने वारूळ उकरलेलं दाखवतो, सागाची किडीने खाऊन जाळी झालेली पानं दाखवतो, भेकराचा अलार्म कॉल कसा असतो ते ऐकवतो.

पक्ष्यांमध्ये एक नाव लक्षात ठेवा, रानपिंगळा. हे छोटं घुबड १८८४ नंतर शास्त्रज्ञांना सापडलंच नव्हतं, जगातून संपलं असंच धरलेलं, आणि १९९७ साली नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ ते पुन्हा दिसलं. नंतर मेळघाटातही त्याची चांगली संख्या असल्याचं कळलं. विशेष म्हणजे हे घुबड दिवसा फिरतं, निष्पर्ण फांदीवर उन्हात बसलेलं असतं, नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके ठळक असतात तसे याच्या डोक्यावर नसतात. गाईडला विचारा. मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावू मात्र नका, पक्ष्याला त्रास होतो. एकूणच सफारीत मोबाइलचे नियम कडक आहेत, गाईड सांगेल तसं वागा.

सफारीहून आलात की आंघोळ, नाश्ता, आणि मग पूर्ण दुपार रिकामी. ही दुपार कोणालाही विकू नका, म्हणजे कोणी म्हणालं की चला चिखलदऱ्याला पॉइंट बघून येऊ तर नाही म्हणा. चटई टाकून पुस्तक वाचा, पत्ते खेळा, झोपा. नदीकाठी बसायचं असेल तर आधी कर्मचाऱ्यांना विचारून, ते सांगतील तिथेच आणि पाण्यात न उतरता. संकुलाच्या बाहेर एकट्याने जंगलात पायी जायचं नाही, सकाळीही नाही. अस्वल हा इथला खरा धोका आहे, ते अचानक समोरासमोर आलं की घाबरून हल्ला करतं.

चार वाजले की पक्षी पुन्हा बोलायला लागतात, तेव्हा दुर्बीण घेऊन संकुलातल्या संकुलात एक फेरी मारा. नीलकंठ, तांबट, सुतार, धनेश, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक, आणि यासाठी एक पैसा लागत नाही.

जेवणाचं

कॅन्टीनमध्ये जेवण आधी सांगावं लागतं, ऐनवेळी वीस मिनिटात थाळी मिळेल असं धरू नका. पोचल्या पोचल्या रात्रीचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारचं दोन्ही सांगून टाका. आणि मेनू विचारण्यापेक्षा ते घरी जे खातात तेच करायला सांगा: भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, वरण-भात, मिरचीचा ठेचा. पनीर बटर मसाला मागितला तर तो परतवाड्याहून सामान आणून करावा लागणार, महागही पडणार आणि चवही यथातथाच. चिखलदरा बाजूला गेलातच तर तिथली रबडी खा, हिवाळ्यात मोथा गावच्या स्ट्रॉबेऱ्या मिळतात, आणि कॉफी पावडर घरी घेऊन जा.

गावातून जाताना

आजूबाजूची गावं कोरकू लोकांची आहेत. व्याघ्र प्रकल्पासाठी कोअरमधली कितीतरी गावं उठून दुसरीकडे गेली, म्हणजे आपल्याला जी शांतता मिळते तिच्यासाठी कोणीतरी आपलं घर सोडलेलं आहे, हे मनात असू द्या. न विचारता फोटो काढू नका, विशेषतः बायकांचे आणि मुलांचे. मुलांना चॉकलेटं वाटत सुटू नका. मुठवा या कोरकूंच्या ग्रामदेवाचं ठाणं दिसलं तर लांबूनच नमस्कार. काही द्यायचंच असेल तर स्थानिक माणसाचाच चहा प्या, त्याच्याकडूनच मध, मोह, लाकडी वस्तू विकत घ्या, गाईडला फीपेक्षा थोडं वर द्या. बजेट ट्रिपमध्ये काटकसर इथे करायची नाही.

परतीचा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळचा चहा घेऊन निवांत निघा, पण एसटीची वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेवलेली हवी. परतीची रेल्वे संध्याकाळची किंवा रात्रीचीच घ्या, दुपारची घेतली तर सगळा आराम घाटात निघून जाईल. सेमाडोहहून अमरावतीपर्यंत पाच तास हाताशी धरा, गाडी लवकर मिळाली तर परतवाड्याला उतरून जेवण करा. कोणाची तब्येत बिघडली तर अचलपूर आणि धारणी दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, जे जवळ असेल तिकडे जा.

सेमाडोह, कोलकास दोन्ही फुल असतील तर तारीख बदलून बघा, तेही जमत नसेल तर अकोला-अकोट बाजूने शहानूरला जा. तिथेही वनविभागाची राहायची सोय आहे, वर नरनाळा किल्ला आहे ज्याचा महाकाली दरवाजा बघण्यासारखा आहे, आणि अकोल्याला बहुतेक सगळ्या नागपूर गाड्या थांबतात. फक्त तिथेही प्लॅन तोच ठेवा, एक मुक्काम आणि एक सफारी.